खोकणाऱ्यांनीच आत यावे

जगात कुणी खोकलं की चार माणसं चार दिशांना पळत होती, त्या दिवसांत जालन्याबाहेर देऊळगाव राजाच्या रस्त्याला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तीसेक बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोकत होतो. काम मिरचीच्या बियाचं. वाळलेली लाल मिरची पोत्यांनी यायची, ती ताडपत्रीवर पसरून बडवायची, चाळायची, सुपानं पाखडायची आणि बी वेगळं काढायचं. बी पुढं कंपनीत जायचं, छान रंगीत पाकिटात बसायचं. फोलपटाचा खकाणा तेवढा आमच्या नाकातोंडात राहायचा. तोंडाला फडकं बांधायची अक्कल जगाला त्या साथीत आली. आम्ही आधीपासूनच बांधत होतो, आणि आधीपासूनच त्याचा काही उपयोग होत नव्हता.

बी-बियाणं अत्यावश्यक, म्हणून सगळं बंद असताना आमची शेड चालू होती. मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढची शाळा खाडीच्या पलीकडे होती आणि मी अलीकडे, एवढंच कारण. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी अत्यावश्यक म्हटलं ते सरकारनं, आणि तेही मिरचीमुळे.

मी कोकणातली. नवरा बोअर पाडायच्या गाडीवर कामाला, त्या गाडीच्या मागं मागं मी जालन्याला आले. इथं समुद्र सोडाच, नळाचं पाणीसुद्धा आठवड्यातून एकदा पाहुण्यासारखं येतं. दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात नवऱ्याची गाडी तेलंगणात होती आणि तो फोनवर रोज 'येतो' म्हणत होता. जुन्या जालन्यात ज्या बाईच्या घरात आम्ही भाड्यानं राहायचो, तीच शेडमध्ये आमची मुकादम. सगळे तिला मावशी म्हणायचे. मूळची तीर्थपुरीकडची, शेतीच्या घरातली. नवरा वारल्यावर दिरांच्या वाट्याला शेत सोडून शहरात आली आणि तेव्हापासून मिरचीत. मुलगा पुण्याला. मी एकटी पडले तेव्हा तिनं मला विचारलंही नाही. माझा गॅस बंद केला आणि म्हणाली, "दोघींचा सैपाक एका जागी होईन. तू भात कर, मी भाकरी करते. तुह्या भाकरीला माय, नकाशा असतो."

या उपकाराची परतफेड मी काळजी करून करत होते. काळजी हीच माझ्याजवळची एक गोष्ट होती जी कधी संपत नव्हती. रोज सकाळी मी माहेरच्या खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण उघडून वास घ्यायची. वास आला की बरं वाटायचं. मग वाटायचं, हा वास बाटलीतून आला की आठवणीतून? म्हणून झाकण लावून पुन्हा उघडायची. मावशी बघायची आणि म्हणायची, "त्या बाटलीलाच कोरोना व्हईन एक दिवस."

शेडच्या दाराशी ताप मोजायचं यंत्र आलं होतं. पिस्तुलासारखं. आमचे सुपरवायझर भाऊ, कृषी पदविका झालेला सरळ पोरगा, ते कपाळावर रोखायचे. आम्ही फाट्यापासून उन्हात चालत आलेल्या. पहिल्या दिवशी त्या पिस्तुलानं सगळ्यांनाच ताप दाखवला. भाऊंनी ऑफिसला फोन लावला. ऑफिस म्हणालं, तापवाल्यांना घरी पाठवा. मग मिरची कोण बडवणार, यावर ऑफिसनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मावशीनं आम्हाला कडुलिंबाच्या झाडाखाली बसवलं, ओल्या पदरानं कपाळं पुसायला लावली आणि मग ओळीनं भाऊंपुढं उभं केलं. एकीलाही ताप नाही. भाऊंनी आनंदानं ऑफिसला कळवलं. ते यंत्र आमचा ताप मोजत नव्हतं, लिंबाची सावली मोजत होतं, हे त्यांनाही माहीत होतं. पण सावली का असेना, काहीतरी मोजलं जात होतं.

मावशीचा मात्र यंत्रावरचा विश्वास उडाला. कोरोनात वास जातो, हे तिनं मोबाईलवर ऐकलं होतं. एक दिवस तिनं बारीक चाळणी घेतली, तीत मूठभर खकाणा टाकला आणि दारात उभी राहिली.

"ते पिस्तुल उन्हाला भितं," ती म्हणाली. "आपल्यापाशी याच्याहून बराबर यंत्र हाये. ज्या बाईला ठसका लागला तिचं नाक चांगलं. ती आत. जिला न्हाई लागला ती घरी."

तर असा कायदा झाला. बाहेरच्या जगात खोकणाऱ्याला हाकलत होते, आमच्याकडे न खोकणारीला. चाळणी नाकाखाली हलली की आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकायचो, शिंकायचो आणि उत्तीर्ण होऊन आत जायचो. भाऊ दुरून बघायचे. एकदा एका ट्रक ड्रायव्हरनं हा सोहळा बघितला आणि गाडी रिकामी न करताच फाट्यावर जाऊन थांबला.

शेडमध्ये एक आपा होती. घरी उर्दू बोलायची, आमच्याशी मराठी, आणि भांडायला लागली की दोन्ही. तोंडाची फटकळ, पण मावशीची जिवाभावाची. या कायद्यानंतर चारपाच दिवसांनी तिनं चाळणी मावशीच्याच हातातून घेतली.

"मौसी, तुम्हारा राह्यलं की."

"माहं काय बघायचं?"

"कानून सब को एकच. नाक पुढं करा."

मावशी हसली आणि मोगऱ्याचा वास घ्यावा तसा तिनं खोल श्वास घेतला. काही झालं नाही. आपानं पुन्हा चाळणी हलवली. काही नाही.

"माल हलका दिसून राह्यला," मावशी म्हणाली.

आपानं नवी मूठ टाकली. मागं ओळीत उभ्या असलेल्या आम्ही सगळ्या शिंकलो. मावशीची पापणीसुद्धा हलली नाही. मावशीला खेटून उभ्या असलेल्या दोघी हळूच मागं सरकल्या. एवढी वर्षं मिरचीत काढलेल्या बाईला मिरची लागत नाही, हे कुणालाच सुचलं नाही. सुचलं असतं तरी कुणी बोललं नसतं, कारण कायदा आम्हाला फार आवडला होता.

मावशीनं चाळणी खाली ठेवली. "कायदा म्याच केला ना," म्हणाली, "मंग झालं." आणि चप्पल घालून चालायला लागली.

मी तिच्याच घरात राहणारी, म्हणून मलाही जायला सांगितलं. मी चौघींचं एकटी खोकत होते, तरी. वाटेत ती पुढं आणि मी मागं, मध्ये बैलगाडी मावेल एवढं अंतर. मला खरंच वाटत होतं की आता ही मरणार, आणि मीही. मागं न बघता ती म्हणाली, "रडतीस काऊन? मला तर कायबी न्हाई झालं."

नगरपालिकेच्या शिबिरात नाकात काडी घालून आलो. दोघीही निगेटिव्ह. भाऊंनी तो मेसेज शेडमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. आपानं मावशीला मिठी मारली आणि सगळ्यांना समजावलं, "मौसी का नाक मिर्ची में पक गया. भट्टी की ईंट को क्या चटका लगता?" कायदा तसाच राहिला. मावशीला सूट मिळाली, एवढंच.

मार्च सरत आला असेल. पाखडता पाखडता मावशी थांबली आणि खोकली. आमच्यासारखा घशातला कोरडा ठसका नाही, खालून आलेला, ओला. तिनं पदर तोंडावर धरला, पुन्हा खोकली. सूप खाली ठेवावं लागलं.

शेडमध्ये हशा पिकला.

"मौसी पास हो गई," आपा ओरडली. "नाक वापस आया."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. भाऊसुद्धा हसले. आम्ही संध्याकाळी घसा साफ व्हावा म्हणून गुळाचा खडा खायचो, तो त्या दिवशी दुपारीच वाटला, मावशीच्या नावानं. कुणाच्या आजारावर गोड वाटलेलं मी तेवढंच पाहिलं. मीही खाल्लं. मला फार हायसं वाटलं होतं.

मावशी रोज खोकायला लागली आणि आम्ही रोज खूश. पण घरी मी बघत होते. दुपारच्या सुट्टीत ती पूर्वी पोत्याला डोकं लावून पाच मिनिटांत घोरायची. आता बसून राहायची. ओट्याच्या तीन पायऱ्या चढून आली की दाराची चौकट धरून उभी राहायची, जसं काही आत कुणी बसलंय आणि परवानगी घ्यायचीय. सकाळी उठून बघावं तर ही भिंतीला टेकून, मांडीवर गोधड्यांचा ढीग घेऊन, त्यावर डोकं ठेवून बसलेली.

"मावशी, झोपला नाहीत?"

"झोपले की. बसून झोपले."

"बसून का?"

"आडवं झालं की छातीवर कोणी पोतं ठिवल्यावानी होतं. उठलं की पोतं उतरतं."

मला वाटलं, कोरोना. मला कायमच वाटायचं, कोरोना. शेडला वाटलं, मिरची. त्या उन्हाळ्यात जालन्यात आजार दोनच शिल्लक होते आणि माणसानं त्यातला एक निवडायचा होता. तिसरं काही व्हायला जणू बंदी होती. मी तिला पुन्हा शिबिरात नेलं. पुन्हा निगेटिव्ह. शेड म्हणाली, बघा, मिरचीच. पण पुण्याहून मुलाचा फोन आला. तो म्हणाला, "आई, टेस्ट चुकते कधी कधी. असेल पण दाखवत नसेल." त्याचंही खरं होतं. तशी उदाहरणं गल्लीत झाली होती. मग मी दोन्ही आजारांवर एकदम उपचार सुरू केले.

मी किती मन लावून केले ते सांगते, कारण पुढं डॉक्टरांनी एकेक ऐकून कपाळाला हात लावला. काढा. वाफ. शेजारच्यांच्या घरी उरलेल्या गोळ्यांची पुडी, ज्यांना त्यांच्या शेजाऱ्यांनी दिली होती. अशक्तपणा वाटतो म्हणून दिवसातून चारदा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, त्यात मीठ जरा सढळ, कारण मी समुद्राकाठची. शिवाय मिठाच्या गुळण्या. मावशी बिचारी सगळं प्यायची. तिनं मला एवढं दिलं होतं आणि मी तिला मीठ देत होते.

आपा तिच्या गल्लीतून बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घेऊन आली. मावशीच्या बोटाला लावलं तर आकडा वर-खाली नाचायचा. एकदा बरा, एकदा भीतीदायक. खात्री करावी म्हणून आपानं स्वतःच्या मेंदी लावलेल्या बोटाला लावलं तर यंत्रानं काहीच दाखवलं नाही.

"लो," आपा म्हणाली, "मैं तो मर गई. मय्यत की तैयारी करो."

मावशी हसायला लागली आणि हसता हसता तिला असा दम लागला की आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो.

मुलानं व्हिडिओ पाठवला होता. पालथं झोपलं की ऑक्सिजन वाढतो. एका दुपारी मी सतरंजी घातली, छातीखाली उशी, पोटाखाली उशी, अगदी व्हिडिओत होतं तसं. मावशी म्हणाली, "नको गं, माह्यानं न्हाई होणार." मी म्हटलं, पुण्याच्या माणसांनी सांगितलंय, दोन मिनिटं. ती माझ्यासाठी पालथी झाली. मला वाटतं तिनं मनात दहासुद्धा मोजले नसतील. एकदम उठून बसली, तोंड उघडं, ओठ काळपट, आणि दोन्ही हातांनी माझा दंड असा धरला की वळ उठले. बोलता येत नव्हतं. मी पंख्याखाली दुसरा पंखा धरावा तसं सुपानं वारा घालत राहिले. बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला तेव्हा ती म्हणाली, "पुण्याचे लोक असेच झोपतेत का?"

त्या दुपारी मला कळलं की ही बाई मरू शकते. याआधीही मी ते रोज धरून चालत होते, पण ती माझी नेहमीची सवय होती. आता ते खरं होतं. आणि ती गेली तर या गावात माझी म्हणून कुणी उरत नव्हती.

दवाखान्यात न्यायचं तर प्रश्न होता. खोकला आणि दम असं सांगितलं की कुठलाही डॉक्टर दारातून आत घेत नसे, थेट कोविड सेंटरला धाडत. त्यांचंही बरोबर होतं, नियमच होता. पण आमच्या गल्लीतून सेंटरला गेलेली दोन माणसं परत आली नव्हती, आणि मावशीनं भिंतीला पाठ लावून सांगून टाकलं होतं, "मला तितं न्यायचं न्हाई. मरायचं तर घरात मरते, तुह्या हातचं मीठ-पाणी पिऊन." तेवढ्यात आपाचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. चपलेच्या पट्ट्याची खोल खूण उमटली होती. पाय तव्यावरच्या भाकरीसारखे फुगलेले. आम्हाला ते दिसत नव्हतं असं नाही. पण उन्हाळ्यात उभ्यानं काम करणाऱ्या बाईचे पाय सुजतात, त्यात काय सांगायचं, म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

आपाचे डोळे चमकले. "पाँव का बोलेंगे," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"डॉक्टर के पास जाके खाँसी बोलनाच नक्को. दम बोलनाच नक्को. बोलना, पाय सुजले. पाय को कौन सा कोरोना होता?"

आम्हा तिघींना हा डाव फार हुशारीचा वाटला. पायांना आम्ही आजार समजत नव्हतो. ते फक्त आत शिरायचं निमित्त होतं. एकदा आत शिरलं की हळूच खोकल्याचं औषध मागून घ्यायचं.

नवीन जालन्यात एक डॉक्टर होते. मावशी कधीकाळी गुडघ्यासाठी त्यांच्याकडे गेली होती. रिक्षात तिच्या तोंडात गुळाचा खडा ठेवला, खोकला दाबायला. आपा वाटेत धडा घेत होती. "डॉक्टर ने पुछा, खोकला?" "न्हाई." "ताप?" "न्हाई." "दम?" मावशीला या प्रश्नाचं उत्तर द्यायला दम पुरला नाही. आपा म्हणाली, "मुंडी हलाव बस."

फाटकावर कंपाउंडर, तोंडावर दोन मास्क आणि वर काचेचा पडदा.

"खोकला, ताप, दम?"

मावशीनं नकाराची मुंडी हलवली.

"मंग काय होऊन राह्यलं?"

"पाय," आम्ही तिघी एकदम म्हणालो.

"पाय एकीचे का तिघींचे?"

"हिचे."

त्यानं पाय बघितले, कंटाळून फाटक उघडलं आणि एकीलाच सोबत सोडलं. मी गेले. आपा बाहेर रिक्षापाशी दुवा मागत उभी राहिली.

डॉक्टर टेबलापलीकडे, मध्ये छतापासून टांगलेलं जाड प्लास्टिक. त्यातून ते पाण्याखाली बसल्यासारखे दिसत होते. वयस्कर, थकलेले.

"काय होतंय?"

"पाय सुजले," मी म्हणाले. मावशीच्या तोंडात गूळ होता.

"बघू. त्या टेबलावर आडव्या व्हा."

मावशी टेबलापर्यंत गेली, वर बसली आणि तशीच बसून राहिली.

"आडव्या व्हा मावशी."

"बसूनच बघा ना," मावशी म्हणाली. "पाय काय झोपून येगळा दिसतो का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच त्यांनी विचारलं, "आडवं का होत नाही?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. हा प्रश्न आपानं शिकवलाच नव्हता. आम्ही खोट्याची सगळी तयारी करून आलो होतो आणि त्यांनी जे विचारलं त्याचं खोटं उत्तर आमच्याजवळ नव्हतं. म्हणून मी खरं सांगितलं. "आडवं झालं की छातीवर पोतं ठेवल्यासारखं होतं म्हणतात. गोधड्यांच्या ढिगावर बसून झोपतात."

"कधीपासून?"

"पाडव्याच्या आधीपासून."

"खोकला आहे?"

"न्हाई," मावशी म्हणाली, आणि गूळ संपला असावा, कारण त्याच क्षणी तिला तो खालून येणारा ओला खोकला आला. थांबेचना. डॉक्टर खुर्ची मागं सारून उभे राहिले आणि भिंतीपर्यंत गेले. ते घाबरले होते, स्पष्ट दिसत होतं. त्यांच्या जागी मी असते तर खिडकीतून गेले असते.

"हे काय आहे मग?"

"मिरचीचा हाये," मावशी कसंबसं म्हणाली.

ते काही वेळ भिंतीपाशीच उभे होते. मग त्यांनी दुसरे हातमोजे चढवले, मास्क दाबून बसवला आणि प्लास्टिकच्या अलीकडे आले. मावशीच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, मग उचलला. मळलेल्या कणकेत बोट रुतवावं तसा खड्डा तिथंच राहिला. त्यांनी तिच्या मानेकडे बघितलं, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, ब्लड प्रेशरचा पट्टा गुंडाळला आणि आकडा बघून पुन्हा गुंडाळला.

"बीपीची गोळी दिली होती मी तुम्हाला. गुडघ्याच्या वेळी."

"घेत व्हते की. मंग मागल्या साली सगळं बंद झालं, सुरवातीला शेडबी म्हैनाभर बंद व्हती, तवा बंद केली."

"का?"

"ते टेन्शनचं असतं ना? कामच न्हाई तर टेन्शन कशाचं?"

डॉक्टरांनी छातीला वायरी लावून एक पट्टी काढली, ती बघितली आणि माझ्याकडं वळले. "कोरोनाची टेस्ट आत्ता इथं करतो. पण तिची वाट बघत बसायचं नाही. हिचं हृदय थकलंय. पाणी पुढं ढकलेना, म्हणून ते मागं छातीत साठलंय, आणि पायांत. ओला खोकला त्याचाच. काय काय दिलं आतापर्यंत?"

मी सगळं सांगितलं. काढा, पुडी, वाफ, पालथं झोपणं. मिठाच्या पाण्याशी आले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"मीठ किती?"

"जरा सढळ."

"हिच्या अंगात पाणी तुंबलंय आणि तुम्ही त्याला मीठ घालून थांबवत होता," ते म्हणाले. रागानं नाही. मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नका, त्यातही मीठच असतं." हे मला आजपर्यंत कळलेलं नाही की त्यांनी विनोद केला की औषध सांगितलं.

वरच्या मजल्यावर त्यांच्या चार खाटा होत्या. मावशीला वर न्यायला खुर्ची आणली. टेस्ट निगेटिव्ह आली. पॉझिटिव्ह आली असती तरी हृदयाचं दुखणं होतंच, असं ते म्हणाले. इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मावशीला बाथरूमला जावं लागलं. मग पुन्हा. मग पुन्हा. नर्सनं भांडंच खाटेखाली ठेवलं. पाणी जात होतं तसा चेहरा उजळत होता. मावशी लाजून म्हणाली, "इतकं पाणी जालन्यात हाये कुठं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर वर आले तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मागं सरकून हात वर केले, साथीचे दिवस होते. मग म्हणाले, "तुम्ही खरं सांगितलं असतं ना, तर माझ्याच माणसानं फाटकातून परत पाठवलं असतं. सेंटरला रांगेत बसल्या असत्या, टेस्ट निगेटिव्ह, मग दुसरी टेस्ट, तोवर..." मी म्हणाले, "पण आम्ही खोटंच बोललो होतो." ते म्हणाले, "तेच तर. तुम्ही जे खोटं म्हणून सांगितलं ते खरं निघालं. आता यातून मी लोकांना काय शिकवू?" आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

त्यांनी मला काही शिकवलं नाही, पण कंपाउंडरला शिकवलं. खिडकीतून मला फाटक दिसायचं. तो आता चौथा प्रश्न विचारू लागला होता. "आडवं झोपता येतं का?"

एक म्हातारे गृहस्थ भडकले. "मी हितं झोपायला आलो का?"

"आबा, झोपता येतं का तेवढं सांगा."

"येतं. कुठं झोपू?"

"घरी जाऊन झोपा. पाय दाखवा आधी."

आपाला वर सोडत नव्हते. ती रस्त्यावर उभी राहून खालून विचारायची, "मौसी, कैसे?" मावशीला ओरडायची मनाई, म्हणून मी खिडकीतून सांगायची. मग आपा शेडमधल्या बातम्या द्यायची. चाळणी आता भाऊ धरतात. एक नवीन बाई पहिल्याच दिवशी न खोकता राहिली, तिला घरी पाठवलं. तिचं नाक चोंदलं होतं, बस. मी म्हणाले, तो कायदा बंद करा. आपा म्हणाली, "कानून बनाने वाली ऊपर लेटी है, बंद कौन करेगा?"

वर ती लेटली नव्हती अजून. पहिल्या दिवशी खाटेचं डोकं उभं करून ठेवलं होतं. नर्स रोज थोडं खाली करायची आणि विचारायची, "पोतं आलं का?" मावशी डोळे मिटून थांबायची, आत कुणी येतंय का ऐकल्यासारखी, आणि म्हणायची, "अजून न्हाई." मग नर्स आणखी थोडं खाली करायची. मी पदर तोंडात धरून बसायची.

घरी सोडायच्या आदल्या दुपारी खाट सपाट झाली. जेवण झालं होतं, अळणी वरण-भात, त्याला मावशीनं खूप नावं ठेवली होती. ती उताणी झाली, हात पोटावर घेतले आणि बघता बघता झोपली. पावसाळ्यापूर्वीची ती गरम दुपार, पंखा फिरत होता. मी खुर्चीवर. तिला एवढं सरळ, एवढं शांत पडलेलं मी कित्येक आठवड्यांत पाहिलं नव्हतं. छाती वर-खाली होतेय का ते पातळामुळे नीट दिसेना. मी नाकाशी बोट धरलं. पंख्याचं वारं की तिचं, कळेना. मी तिचा खांदा धरून गदागदा हलवला.

मावशीनं डोळे उघडले. "काय झालं गं?"

"काही नाही. बघत होते."

"काय बघत होतीस?"

"झोपला की नाही ते."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग कूस न बदलता, तशीच उताणी, म्हणाली, "बघ मंग. पण हात न लावता बघ," आणि पुन्हा डोळे मिटले.